पुरुष कामासाठी, बाई प्रेमासाठी? एका संदेशाला उत्तर

नागपुरातल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. कथा-कादंबऱ्यांतला पुरुष कामासाठी जगतो आणि बाई प्रेमासाठी. पुरुषाचे दुःख मुके असते, बाईचे बोलके. प्रेमभंगातून पुरुष सावरतो, बाई संपते. आणि म्हणूनच लेखिका घराबाहेरचे लिहीत नाहीत, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. चांगली वाचणारी माणसेही तो पुढे पाठवतात, याचे मला वाईट वाटते.

पहिले विधान आपल्या विदर्भातच टिकत नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत शिवणकामावर घर चालवू न शकणारा महादेव आहे आणि मोलमजुरी करून संसार तगवणारी कौतिक आहे; सारी कादंबरी उभी आहे ती तिच्या कष्टांवर. त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या, कमावत्या आणि माहेरचा भार वाहता वाहता स्वतःचा संसार लांबणीवर पडलेल्या मुली उभ्या केल्या होत्या. बाईचे काम कथेत नाही असे नव्हे, ते काम म्हणून मोजायची आपल्याला सवय नाही.

दुःखाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकात घरातले कर्ते तात्याजी गेल्यानंतरचे दिवस आहेत. घरात सुतक आहे, तेराव्याच्या खर्चाची चिंता आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि तरीही थोरल्या सुनेचे, वहिनींचे, हात थांबत नाहीत, कारण माणसांना दोन वेळा जेवायला लागतेच. मात्र त्याच वाड्यात चंदू हा धाकटा मुलगाही पडेल ते काम निमूट उपसतो आहे, आणि शिकायचे होते पण शिकू दिले गेले नाही ती प्रभा आपला संताप लपवत नाही. इथे कोण बोलते आणि कोण गप्प राहते हे बाई-पुरुष असण्यापेक्षा त्या घरात कोणाचे काय चालते आणि शोक करायला कोणाला सवड मिळते, यावर ठरते, असे मला वाटते. उलट भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीतला पांडुरंग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूने असा कोसळतो की त्याचा आक्रोश पानोपानी ऐकू येतो. त्याला मुके कसे म्हणायचे?

प्रेमभंगाबद्दल फार लिहायची गरज नाही. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे बंगाली कादंबरीकार शरदबाबू (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) मराठी वाचकाला परके नाहीत, आणि त्यांचा देवदास दारूत बुडून पारोच्या दाराशी मरतो, तर पारो वयस्क विधुराचे भरले घर सांभाळत असते. तिचे दुःख लहान होते असे मात्र यावरून कोणी म्हणू नये. हो, बाई संपते अशा लोकप्रिय कादंबऱ्याही पुष्कळ आहेत, पण संदेशात दावा सगळ्या साहित्याबद्दल आहे.

लेखिकांबद्दलची पुस्ती तर सरळ चुकीची आहे. त्याच विभावरी शिरूरकरांनी १९५० मध्ये 'बळी' लिहिली. तिच्यात सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे, तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतले जिणे आहे, आणि लेखिकेने ते सोलापूरच्या तशाच वसाहतीत अधिकारी म्हणून नोकरी करताना जवळून पाहिले होते.