मागच्या भिंतीलगतची माती

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. मागच्या भिंतीलगत मातीची जी एक पट्टी उरली आहे, तिथेही गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, लावायचे ठरतंय. मी विरोध करणार आहे, चिमण्यांसाठी.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात गेलं. कवेलू आणि भिंतीच्या फटींत चिमण्यांची घरटी, खाली कायम काड्या-पिसं. आई सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली की कण्या वेचायला त्या हातभर अंतरावर उतरायच्या. एका वर्षी हिवाळाभर बंद असलेल्या कूलरमध्येच घरटं झालं. एप्रिलचं ऊन तापलं, तरी पिल्लं उडून जाईपर्यंत बाबांनी कूलर लावू दिला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पुढे ते घर पाडून फ्लॅट स्कीम झाली. स्लॅबला फट नसते, आणि तांदूळ आता निवडलेलाच येतो.

20 मार्चला, चिमणी दिनाला, मोबाइल टॉवरला दोष देणारे मेसेज फिरतात. टॉवरचा ठोस पुरावा मात्र अजून नाही. 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार देशभरात चिमणी गेली 25 वर्षं साधारण टिकून आहे. घटली ती मुंबई-दिल्लीसारख्या सहा महानगरांत. त्यात नागपूर नाही. पण सिमेंट रोड, गट्टू, काचेच्या इमारती... आपण त्याच वाटेने चाललो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

दाणे-पाणी ठेवता, चांगलंच करता. पण दाण्यांवर मोठी चिमणी जगते. पिल्लाला पहिले काही दिवस अळ्या, झाडांवरची मावा कीड, बारीक किडे लागतात. ते गट्टूवर कुठून येणार? माझ्या गॅलरीतल्या लाकडी घरट्यात सध्या पिल्लं आहेत. काल तासभर बसून मोजलं: नर-मादी मिळून सतरा खेपा, बहुतेक सगळ्या त्याच पट्टीवरच्या मेहंदीच्या कुंपणाकडे. दुपारी तिथल्याच धुळीत दोघं अंग घुसळत होती.

गाड्या उभ्या राहतात तिथे खुशाल गट्टू लावा. ही पट्टी सोडा, आणि मेहंदीवर औषध फवारू नका. माझं मागणं एवढंच आहे.

मीटिंग दहाला आहे. आमच्या बिल्डिंगमधल्यांनी नऊलाच माझ्याकडे या. चहा ठेवतो. गॅलरीत बसून खेपा तुम्हीच मोजा.