दवाखाना घाला, कागदं मागनं बघू

डॉक्टर, मिरजेत नाहीतर कोल्हापुरात शिकून तुम्ही बेळगावला परत आलात, टिळकवाडीत दोन गाळे भाड्यानं घेतलेत, पूजा झाली, पेढे वाटून झाले. आता कागदपत्रांच्या मागं लागून मुहूर्त लांबवू नका. पेशंट काय कागद बघून येत नाही, हातगुण बघून येतो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर तुमच्याकडं आहेच. मग तिथनं ना-हरकत आणा, कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं अर्ज करा, हे उद्योग कशाला? दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी परिषदा-कार्यशाळांना बसून मिळवायचे क्रेडिट पॉइंट हे झंझट वेगळंच. तुम्ही बीएएमएस असाल तर आणखी सोपं. महाराष्ट्रानं १९९२ च्या अधिसूचनेनं आयुर्वेदवाल्यांना अ‍ॅलोपॅथीची मुभा दिली. ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, म्हणजे शिनोळी ओलांडून बाचीत शिरलं की संपते. पण औषधाच्या गोळीला कुठं हद्द कळते? बिनधास्त लिहा.

केपीएमईचं नाव कुणीतरी काढेलच. कर्नाटकाचा खासगी वैद्यकीय आस्थापनांचा हा २००७ चा कायदा. तो मोठ्या हॉस्पिटलांसाठी आहे, आपला तर एका खोलीचा दवाखाना, असं ठणकावून सांगा. प्रत्यक्षात एका खोलीच्या दवाखान्यालाही नोंदणी लागते. ती देणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पुढची फाईल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं हलते. पण हे तुम्हाला पथक दारात आल्यावर कळेलच. नोंदणी काढलीच, तर तिची पाच वर्षांची मुदत कुठंही लिहून ठेवू नका.

बोर्ड मात्र पहिल्या दिवशीच लावा आणि तो मोठा मराठीत रंगवून घ्या. कन्नड ६० टक्के आणि तीही वरच्या भागात, हा नियम दुकानांचा आहे, आपला नव्हे, असं समजा. कायद्यात हॉस्पिटल आणि लॅब ही नावं घालून लिहिलेली आहेत, पण कायदा वाचायला वेळ कुणाला? केपीएमई नंबराची पाटी अ‍ॅलोपॅथीला आकाशी आणि आयुर्वेदाला हिरवी असते. तुम्हाला भगवी आवडते ना, मग भगवी लावा. पेंटरला दोनदा पैसे मिळतील, त्याचंही पोट आहे.

आता कचरा. हा विषय ज्यानं सोपा केला त्याचा सत्कार करायला हवा, म्हणजे तुमचाच. २०१६ च्या नियमांनी चार रंग दिले आहेत. रक्ताचा कापूस, बँडेज आणि मुदत संपलेल्या गोळ्या पिवळ्यात. सलाईनचे सेट, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. काचेच्या व्हायल आणि अँप्युल निळ्यात. तुम्ही एकच काळी पिशवी ठेवा आणि सकाळी महापालिकेच्या घंटागाडीत टाका. सुईवर टोपण परत बसवायची सवय सोडू नका, कारण सुई बोटात जाण्याचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. झाडलोट करणाऱ्या मावशींना हिपॅटायटिस बीची लस देऊ नका. देणं बंधनकारक आहे, पण मावशींनी कधी मागितलीय का? सलाईनच्या बाटल्या न कापता भंगारवाल्याला द्या. त्या कुठंतरी परत वापरात येतील, वाया काही जायचं नाही.

कुणी फारच मागं लागलं तर कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राशी करार करा आणि तो कागद फ्रेम करून भिंतीला लावा. प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र वेगळं काढावं लागतं. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच काढलं की पुरतं, दरवर्षीची कटकट नाही. नेमकं म्हणूनच ते राहून जातं. औषधांचे खोके आणि सुयांची वेष्टनं पिवळ्या पिशवीत कोंबा, म्हणजे वजन वाढेल आणि सामायिक केंद्राच्या भट्टीलाही काम मिळेल. गाडी चार दिवस आली नाही तर पिशव्या जिन्याखाली असू द्या. रक्तामांसाच्या कचऱ्याला ४८ तासांची मर्यादा आहे, पण वास यायला लागल्याशिवाय घड्याळ बघायचं नसतं. ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचा वार्षिक अहवालही सोडा. त्याच महिन्यात पोरांच्या शाळेची फी असते.

सोनोग्राफी मशीन घेणार असाल तर डॉक्टर, तुम्ही थोर आहात. १९९४ चा गर्भलिंग निदानाचा कायदा इतर कायद्यांसारखा नाही. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायच्या फॉर्म एफमधली चूक ही नुसती कागदी चूक धरली जात नाही. गुन्हा झाला असंच गृहीत धरलं जातं आणि तसं झालं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं. डॉक्टरांच्या संघटनेनं याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, ते २०१९ मध्ये फेटाळलं गेलं. तेव्हा फॉर्म भरायचं काम दहावी झालेल्या पोरीवर सोपवा आणि संध्याकाळी एकदम वीस सह्या ठोका. पत्ता अर्धाच लिहा. चंदगडला दिलेली लेक बाळंतपणाला उचगावला माहेरी आली, तर फॉर्मवर माहेरचा पत्ता आणि आधारवर सासरचा. पथकाला असल्या गंमती फार आवडतात. आधीच्या मुलांची संख्या आणि मुलगा की मुलगी हा रकाना कोरा ठेवा. पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जोडू नका. बाईची सही घ्या, स्वतःची विसरा. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जायला हवा, तो १० ला पाठवा. मशीन दुसऱ्या गाळ्यात हलवायचं तर ३० दिवस आधी कळवावं लागतं, तुम्ही रात्री टेंपो बोलवा. फॉर्म दोन वर्षं ठेवायचे, खटला असेल तर निकालापर्यंत. दिवाळीच्या साफसफाईत पहिल्यांदा तेच काढा.

गर्भलिंग सांगितलं जात नाही, ही पाटी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत किंवा भाषांत लावा, असं नियम म्हणतो. बेळगावात स्थानिक भाषा कोणती, हे दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला काय माहीत! कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही लावलं की विषय मिटतो. पण मिटवायची आपल्याकडं रीत नाही, तेव्हा वाद घाला आणि पाटी लावूच नका.

दाखल्यांचं फार मनावर घेऊ नका. आजारपणाचा दाखला मागील तारखेचा द्या. त्याची वही, पेशंटची अंगावरची खूण आणि दाखल्याची प्रत ठेवायला सांगितलंय, ते सोडून द्या. मृत्यूच्या कारणात ‘हृदय बंद पडून’ एवढंच लिहा. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच, त्यामुळं ही ओळ कधी खोटी ठरत नाही आणि कुणाच्या कामालाही येत नाही. विमावाले फाईल परत पाठवतील. घरचे तुमच्याच दारात येतील. त्यांना परवा या म्हणा. शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरनं हा दाखला फुकट द्यायचा असतो, पण पाकीट आलं तर कशाला नाही म्हणायचं?

संमतीपत्र इंग्रजीत छापून घ्या. येळ्ळूरच्या आजींचा अंगठा घ्यायचा आणि काय करणार, किती धोका, दुसरा उपाय कोणता, हे रकाने नंतर भरायचे. एकाच कागदावर तपासणी, ऑपरेशन आणि ‘जे काही लागेल ते’ अशी सगळी संमती घ्या. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगून ठेवलंय. ते वकिलांना ठाऊक असतं, आजींना कुठं ठाऊक? केसपेपर मागायला आजींचा नातू आला तर ७२ तासांत द्यायला लागतात. त्याला सांगा, कॉम्प्युटर बंद आहे.

एवढं सगळं नेटानं केलंत की नोटीस येईलच. ती कन्नडमध्ये असेल आणि उत्तराची मुदत आतल्या ओळीत कुठंतरी असेल. कन्नड वाचता येणाऱ्या कंपाउंडरला दाखवू नका, तो उगीच घाबरतो. पाकीट न फोडता टेबलाच्या खालच्या खणात टाका. आधीची दोन तिथंच आहेत.