समुद्रात जंतू सोडून प्लास्टिक संपत नाही

गेले कित्येक दिवस एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. गोषवारा असा: समुद्रात प्लास्टिक खाणारी बुरशी सापडली आहे. जपानमध्ये बाटल्या खाणारा जिवाणू आहे. तेल खाणारे जिवाणू तर आधीपासूनच आहेत. यांची पैदास करून समुद्रात सोडली की सगळं साफ. कॅन्सरवरची औषधंही याच जिवांमध्ये आहेत, पण कंपन्या ती दडवून ठेवतात.

हा मजकूर पटतो, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे. घोळ होतो तो तिथून मारलेल्या उडीत.

आधी बुरशी. तिचं नाव पॅरेनजिओडोंशियम आल्बम. उत्तर पॅसिफिकमधल्या तरंगत्या प्लास्टिकवरून ती वेगळी केली गेली आणि नेदरलँड्समधल्या सागरी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोग देखणा आहे. त्यांनी कार्बन-१३ हा जड कार्बन असलेलं पॉलिथिन बुरशीला खायला घातलं आणि मग तोच कार्बन कुठे कुठे पोचला याचा माग काढला. बुरशीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो सापडला. म्हणजे ती प्लास्टिक नुसतं कुरतडत नाही, पचवते.

आता वेग बघा: दिवसाला सुमारे ०.०५ टक्के. १ ग्रॅमचा तुकडा असेल तर दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. हाच वेग टिकला तरी तो तुकडा संपायला साडेपाच वर्षं लागतील, आणि तीही प्रयोगशाळेतल्या लाडाकोडात. त्यात अट अशी की प्लास्टिकवर आधी अतिनील किरण पडलेले हवेत. ऊन खाल्लेलं प्लास्टिकच ती खाते. तळाशी गेलेल्या पिशवीला ऊन कुठून मिळणार?

जपानी जिवाणूची गोष्ट तर समुद्राची नाहीच. आयडिओनेला साकाइएन्सिस हा साकाई शहरात, बाटल्यांचं पुनर्चक्रीकरण करणाऱ्या कारखान्याजवळच्या नमुन्यांत मिळाला. २०१६ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा ३० अंश तापमानाला त्याने पीईटीची, म्हणजे बाटल्यांच्या प्लास्टिकची, पातळ फिल्म सुमारे सहा आठवड्यांत फस्त केली होती. पण ती फिल्म मऊ, विस्कळीत रचनेची होती. बाटली बनवताना तेच पीईटी ताणलं जातं, त्याचे रेणू शिस्तीत रचले जातात आणि एन्झाइमला, म्हणजे जिवाणूच्या रेणू तोडणाऱ्या प्रथिनाला, शिरायला फट राहत नाही.

मजकूर लिहिणाऱ्याने आणखी एक गल्लत केली आहे, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. त्याच्या लेखी प्लास्टिक म्हणजे एकच पदार्थ. पीईटीच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात. पाण्याच्या मदतीने एन्झाइम ते कापू शकतं, जशी शिवण उसवावी तसं. पॉलिथिन म्हणजे कार्बनला कार्बन जोडलेली सलग दोरी. तिला शिवणच नाही. बाटलीवर चालणारं एन्झाइम पिशवीवर चालेल, हे गृहीतच चुकीचं आहे.

पीईटीबाबत खरी मजल गाठली ती पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेल्या एका एन्झाइमने. त्यात फेरफार करून २०२० मध्ये संशोधकांनी १० तासांत ९० टक्के पीईटी मूळ घटकांत मोडून दाखवलं. पण कुठे? बंद टाकीत, ७२ अंशांना, आधी प्रक्रिया करून बारीक दळलेल्या प्लास्टिकवर. समुद्र ७२ अंशांना तापवायचा बेत असेल तर गोष्ट वेगळी.

तेलाबद्दलचा दावा त्यातल्या त्यात खरा. अल्कॅनिव्होरॅक्स हा जिवाणू स्वच्छ पाण्यात नावापुरता असतो आणि तवंग आला की झपाट्याने वाढतो. म्हणूनच त्याची बाहेरून पैदास करून ओतण्यात फारसा अर्थ नाही. तिथे जिवाणूंची वानवा नसते, वानवा असते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर चक्क खत फवारलं गेलं. त्याचा उपयोगही झाला. तरी दगडगोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, ते तेल पुढे दशकानुदशकं राहिलं.

राहिली दडवलेली औषधं. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांनी कालियारीत सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून एक बुरशी घेतली. तिच्यातून सेफॅलोस्पोरिन ही प्रतिजैविकं आली, जी आज जगभरच्या रुग्णालयांत रोज दिली जातात. कॅन्सरवरचं ट्रॅबेक्टेडिन तर युरोपात २००७ मध्येच मंजूर झालं. ते मिळालं समुद्री स्क्वर्ट या प्राण्यातून, पण ते घडवतो त्याच्या पेशींत राहणारा एक जिवाणू. साधारण टनभर प्राणी पिळले तर ग्रॅमभर औषध हाती लागतं. शेवटी तोडगा निघाला तो असा की दुसराच एक जिवाणू टाकीत वाढवायचा, त्याच्याकडून अर्धवट रेणू घ्यायचा आणि उरलेलं काम रसायनशास्त्राने करायचं. याउलट सागरी गाळातल्या सॅलिनिस्पोरा या जिवाणूपासून मिळालेलं मॅरिझोमिब हे औषध मेंदूच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढवू शकलं नाही. तो निकालही उघडपणे प्रसिद्ध झाला. दडवायचंच असतं तर अपयश कोण छापेल?

या जिवांचा उपयोग आहेच, आणि भरपूर आहे. फक्त तो बहुतेक वेळा समुद्राबाहेर होतो. इटलीतल्या व्हल्कॅनो बेटाजवळच्या उकळत्या सागरी गाळातला पायरोकॉकस फ्युरिओसस हा सूक्ष्मजीव १०० अंशांना सुखाने वाढतो. त्याचं एन्झाइम डीएनएच्या प्रती काढायला प्रयोगशाळांत वापरतात. बाळांच्या दुधाच्या पावडरीत डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल असतं, तेही अनेकदा सागरी सूक्ष्मजीवांनीच बनवलेलं. त्यातल्या शायझोकायट्रियमला बरीच वर्षं बुरशी समजत; ती बुरशी नव्हे. तिला मोठ्या पोलादी टाक्यांत वाढवायचं ठरलं तेव्हा अडचण मिठाची आली. खारं पाणी स्टेनलेस स्टीललाही खातं. मग टाकीतल्या द्रवातलं क्लोराइड कमी करून त्याजागी सोडियम सल्फेट घातलं, आणि समुद्रातला तो जीव जवळजवळ मिठाविना वाढू लागला.