नमुना डाउनलोड केला, नोटरी केली, म्हणजे काम झालं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: वकिलाला पैसे देऊ नका. भाडेकरार, मृत्युपत्र, नोटीस, दावा, सगळ्याचे नमुने नेटवर फुकट आहेत. नाव-पत्ता बदला, पाचशेच्या स्टॅम्पवर प्रिंट मारा, नोटरी करा, कोर्टात चालतं. लॉ लायब्ररीत जाऊन उपयोग नाही, तिथे वकिलांशिवाय कुणाला घेत नाहीत आणि पुस्तकं जुनाट असतात. मराठीत तर नमुने मिळतच नाहीत.

मी एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नमुना शोधत आलेली माणसं आमच्याकडे रोजची. सामान्य माणसाने कागदपत्रांना घाबरू नये हा मेसेजमागचा हेतू मला पटतो. पण त्यावर विसंबून केलेला कागद ऐन वेळी उपयोगाला येत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

भाडेकरार: नाव-पत्ता बदलला की झालं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. नेटवर पहिल्या झटक्यात सापडणारे करार बऱ्याचदा दिल्लीकडचे असतात. लोक नावं बदलतात, पण शेवटच्या पानावर 'वाद झाल्यास दिल्लीच्या न्यायालयांचे अधिकारक्षेत्र राहील' हे कलम तसंच राहतं. फ्लॅट मात्र कोथरूडला किंवा डोंबिवलीला. ही चूक निदान वाचली तर दिसते. न दिसणारी चूक नोंदणीची.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याचा उगम 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्याने एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे आणि त्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक काळ जागा वापरू देण्याच्या परवान्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. दोषी ठरलेल्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीसमोर सही झाली एवढंच तो शिक्का सांगतो. हा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवण्याची सोय नोंदणी व मुद्रांक विभागाच्याच संकेतस्थळावर आहे आणि मसुद्याचा साचाही तिथेच मिळतो. तो सोडून भलत्याच राज्याचा करार का उचलायचा?

पाचशेचा स्टॅम्प सगळ्याला चालतो

ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर होणाऱ्या बऱ्याच कामांना पाचशेचा लागू लागला, तिथून हा समज पक्का झाला असावा. पण मुद्रांक शुल्क दस्ताच्या प्रकारावर ठरतं. लीव्ह अँड लायसन्सला ते 0.25 टक्के आहे. महिना 20,000 भाडं आणि अकरा महिने धरले, तर नुसत्या भाड्यावरच 550 रुपये होतात. डिपॉझिटवरच्या व्याजाचा हिशेब वेगळा. म्हणजे पाचशेचा कागद कमीच पडतो, आणि शुल्क कमी भरलेला दस्त तूट व दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतला जात नाही. घरात ठेवलेला जुना स्टॅम्पही काढू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला स्टॅम्प बाद होतो.

उलट बाजूही आहे. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयांत किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी विद्यार्थ्यांच्या हातात पाचशेचे स्टॅम्प दिसतात आणि वाईट वाटतं. मृत्युपत्रालाही स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. त्याला लागतात दोन साक्षीदार, आणि करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही केलेली असावी किंवा सही आपलीच असल्याचं त्यांना सांगितलेलं असावं. नेटवरच्या नमुन्यावर नोटरीचा भलामोठा शिक्का असतो आणि साक्षीदाराच्या जागी एकच रेघ. असा कागद करणारा माणूस गेल्यावर दुरुस्त करता येत नाही.

नेटवरचं सगळं ताजं, पुस्तकातलं शिळं

नेटवर जुनं कुणी काढून टाकत नाही. 1 जुलै 2024 ला फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. अटकपूर्व जामीन पूर्वी कलम 438 खाली होता, आता 482 खाली आहे. आणि जुन्या संहितेतलं 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, जे आता 528 मध्ये गेले. जुना आणि नवा नमुना जोडून अर्ज केला, तर अर्जदाराला नेमकं काय हवंय हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

ग्राहक तक्रारीचंही तेच. 1986 च्या कायद्यातल्या कलम 12 चे नमुने अजून फिरतात. 2019 च्या कायद्यात तक्रार कलम 35 खाली करायची, जिल्हा 'मंच' आता जिल्हा 'आयोग' झाला, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. ही शेवटची सोय जुन्या नमुन्यात नव्हतीच. तो वापरणारा बिचारा कंपनीच्या गावी खेटे घालत बसतो.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा केंद्राचा नमुना महाराष्ट्राच्या कार्यालयात देऊ नका. आपल्या राज्याचा नमुना 'जोडपत्र अ' आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा.

पुस्तकांचंही सरसकट समर्थन मी करणार नाही. मुखपृष्ठाच्या मागे आवृत्तीचं साल बघा. फौजदारी अर्जासाठी 2024 च्या आधीची आवृत्ती असेल, तर ती तशीच ठेवून द्या. पण खरेदीखत किंवा दाव्याच्या मांडणीसाठी मोघा किंवा डिसूझा यांचे ग्रंथ उघडले, की नमुन्याच्या आगेमागे टिपा सापडतात: कायदा काय, कोणतं कलम, नोंदणी लागते का, न्यायालयांनी काय म्हटलंय. नेटवरच्या फुकट फाइलमध्ये हे क्वचितच असतं.

लॉ लायब्ररी फक्त वकिलांची

कोर्टातली बार लायब्ररी वकील सभासदांसाठी असते, हे खरं. पण तेवढ्यावर शोध संपत नाही. आमच्यासारख्या ग्रंथालयात प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला, तर बसून वाचायला परवानगी मिळू शकते. आणि पुष्कळ नमुने खुद्द कायद्याच्याच पुस्तकात छापलेले असतात, तिकडे कुणी बघत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेला अ ते ह अशी परिशिष्टं आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत नमुनेच आहेत. घर घेणाऱ्याने महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) आदर्श विक्री करार आणि सोसायटीतल्या सभासदाने आदर्श उपविधींची परिशिष्टं आधी बघावीत.

दिवाणी संहितेच्या परिशिष्ट अ मधला पहिलाच नमुना उसने दिलेल्या पैशांच्या दाव्याचा आहे. जेमतेम अर्ध्या पानाचा. अमुक तारखेला इतके रुपये दिले, अमुक तारखेला परत करायचे होते, इतके सोडून बाकी दिले नाहीत. पुढे दावा लावायच्या कायदेशीर मुदतीतून सूट मागायची असेल तर तिचं कारण, मग दाव्याला कारण केव्हा घडलं, या कोर्टाला अधिकार कसा, अधिकारक्षेत्रासाठी आणि कोर्ट फीसाठी दाव्याची किंमत किती. यातली प्रत्येक मोकळी जागा म्हणजे दावा लावण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. हातउसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. ती उलटून गेलीय हे हा नमुना भरतानाच लक्षात येतं, फी भरण्याआधी.

मराठीत नमुने नाहीत

आहेत. जुलै 1998 च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. दावा आणि कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) मराठीत देता येते. भाषा संचालनालयाने कायद्यांचे अधिकृत मराठी अनुवाद आणि न्यायव्यवहार कोश काढले आहेत. नमुना इंग्रजीतच सापडला, तर शब्द त्या कोशातून घ्या, यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका.

आणि वकिलाचे पैसे

परवडत नाही ही अडचण खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन 15100. नमुन्यावरून स्वतः मसुदा केला असेल तर तोही सोबत न्या, आणि नमुना कुठून घेतला, कोणत्या सालचा, ते वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तपासणाऱ्या वकिलाला पहिल्यांदा तेच विचारावं लागतं.