एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि मी

आयुष्यात माणसाला काहीतरी ध्येय पाहिजे, असं मला सांगणारे पुष्कळ भेटले. ते ध्येय पत्त्यांच्या डावात नसावं, असं मात्र एकानेही बजावलं नाही. त्यामुळे कुणी मॅरेथॉनच्या मागे लागतं, कुणी बासरीच्या, तसा मी रॉयल फ्लशच्या मागे लागलो आहे. एकाच चिन्हाची एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी ही पाच पानं पोकरच्या टेबलावर, साक्षीदारांसमोर लावायची. बस्स. पैशांचा प्रश्न नाही. आमच्या टेबलावर पैसे नसतातच. प्लास्टिकच्या चिप्स असतात आणि रात्री उठताना त्या सगळ्या एकाच डब्यात जातात.

आम्ही खेळतो तो प्रकार टेक्सस होल्डम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधे सगळ्यांच्या वापरासाठी पाच पानं उघडी पडतात: आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग शेवटचं रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच मिळून जी सात होतात, त्यातली उत्तम पाच आपली. प्रत्येक टप्प्यावर चिप्स लावायच्या, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. इतकं कळलं की पोकर आलं. पुढचं सगळं खोटं बोलणं आहे आणि ते प्रत्येकाला उपजत येतं.

खूळ डोक्यात शिरलं तसा मी हिशेबाला बसलो. 52 पानांतून पाच पानांचे 25,98,960 वेगवेगळे संच निघतात. त्यातले रॉयल फ्लश चार. म्हणजे 6,49,740 मधे एक. होल्डममधे सात पानांतून निवडायला मिळत असल्याने हा भाव बराच उतरतो, साधारण 30,940 डावांत एकदा. पण त्यात मधल्या पाच पानांवरच आयता पडलेला रॉयल फ्लशही धरलेला असतो, आणि तो टेबलावरच्या सगळ्यांचा असतो. असलं सामुदायिक यश मला नको. मला माझी दोन्ही पानं लागलेला हवा. तसा तो 64,974 डावांत एकदा येतो.

आता आमचं टेबल म्हणजे गप्पा जास्त, पत्ते कमी. तासाला वीस डाव झाले तरी खूप. आठवड्याला चार तास धरले, तर वर्षाला चार हजार डाव. भागाकार केला, सोळा वर्षं आली. तीही मी एकही डाव न सोडता प्रत्येक वेळी शेवटच्या पानापर्यंत टिकलो तर. मी हा आकडा टेबलावर जाहीर केला तेव्हा आमच्यातले डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी कर, गाठशील."

पण सोळा ही नुसती सरासरी. तेवढे डाव खेळूनही शंभरातल्या सदतीस जणांच्या हाती भोपळाच राहतो. आणि खरी मेख पुढे आहे. पत्त्यांना आठवण नसते. सोळा वर्षं घालवून मी जिद्दीने पुन्हा टेबलावर बसलो, तर पुढची सरासरी किती? सोळा वर्षं. पत्ते पिसले की माझी सगळी तपश्चर्या त्यांच्याबरोबर पिसली जाते. इतर कुठल्याही छंदात माणूस निदान ध्येयाच्या जवळ तरी सरकतो. बासरीवाल्याची फुंकर सुधारते, पळणाऱ्याचा दम वाढतो. मी मात्र रोज पहिल्या दिवसाइतकाच लांब असतो.

निराशेच्या भरात मला एक शोध लागला. कुठलेही पाच ठरावीक पत्ते घ्या. समजा किलवरची नव्वी, चौकटची चव्वी, इस्पिकची दुर्री, बदामचा गुलाम आणि किलवरची छक्की. नेमका हाच कचरा हातात येण्याची शक्यता 25,98,960 मधे एक आहे. रॉयल फ्लशच्या चार जाती तरी आहेत, या कचऱ्याची जात एकच. म्हणजे मला आजवर आलेला प्रत्येक हात रॉयल फ्लशपेक्षा चौपट दुर्मीळ होता आणि मी त्यातला एकही जपून ठेवला नाही. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग झालं की तुझं ध्येय पूर्ण! झोप आता." गणित समजूनही त्याचा असा वापर करणाऱ्या माणसांशी वाद घालता येत नाही.

या ध्यासाने माझा खेळ कसा झाला, ते सांगायला हवं. होल्डममधे सुरुवातीला हातात येणारी सगळ्यात भारी पानं म्हणजे दोन एक्के. 221 डावांत एकदा येतात आणि सारं जग त्यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसतं. माझ्याकडे ते आले की मी सुस्कारा सोडून पानं खाली टाकतो. कारण रॉयल फ्लशमधे एक्का एकच लागतो. दुसऱ्याचं करायचं काय? दोन राजे, तेच. दोन राण्या, तेच. त्यांच्याऐवजी एकाच चिन्हाची गुलाम-दश्शी आली की माझे कान गरम होतात. कामाच्या अशा एकूण चाळीस जोड्या आहेत, 1,326 पैकी. म्हणजे शंभर डावांतले तीन मी खेळतो आणि उरलेल्या सत्त्याण्णवात इतरांच्या पेल्यांत पाणी भरतो.

पण सगळ्यात वाईट अडचण वेगळीच निघाली आणि ती कुठल्याही गणितात दिसत नाही. पोकर हा मुळात दुसऱ्याला हाकलण्याचा खेळ आहे. भरभक्कम चिप्स लावायच्या, चेहरा दगडासारखा ठेवायचा, समोरचे घाबरून पानं टाकतात, डाव आपला. पण सगळ्यांनी पानं टाकली की डाव तिथेच संपतो आणि मधली उरलेली पानं पडतच नाहीत. मला तर ती पडायलाच हवी असतात! त्यामुळे ज्या डावात मी सगळ्यात जोरात असतो, त्याच डावात मला समोरच्याची मनधरणी करावी लागते. बस रे. जाऊ नकोस. काही लावूही नकोस. नुसता बस.

एकदा माझ्याकडे इस्पिकचे राजा-राणी आले. फ्लॉपवर इस्पिकचा एक्का, इस्पिकचा गुलाम आणि चौकटची सत्ती. एक इस्पिकची दश्शी तेवढी राहिली. न दिसलेली पानं 47, पडायची दोन, म्हणजे शंभरात चारच्या आसपास. माझ्या मानाने ही ऐन सुगीच होती. पुढचं पान आलं इस्पिकची दुर्री. आता माझ्याकडे पाच इस्पिक झाली, म्हणजे फ्लश, तोही त्या घडीला टेबलावर कुणाकडेच याहून भारी हात असू शकणार नाही असा. शहाणा माणूस इथे चिप्सचा डोंगर लावतो. मी बोटाने टेबलावर टकटक केलं, म्हणजे काही लावत नाही, चालू द्या. समोर एक्का-सत्ती घेऊन बसलेल्या आमच्या वकिलाला फुकटात शेवटचं पान बघायला मिळालं. ते निघालं बदामची सत्ती. त्याचा झाला फुल हाऊस, म्हणजे तीन सत्त्या आणि दोन एक्के, आणि फुल हाऊसपुढे फ्लशला कुणी विचारत नाही.

चिप्स गेल्या त्याचं मला काही वाटलं नाही. मला फक्त दश्शी कुठे होती ते बघायचं होतं. गठ्ठ्यातली पुढची पानं उलटून बघण्याला पोकरमधे रॅबिट हंटिंग म्हणतात आणि बऱ्याच टेबलांवर ते चालत नाही. त्या दिवशी माझी अवस्था बघून परवानगी मिळाली. मी सगळा गठ्ठा उलटा केला. दश्शी नव्हती. शेवटी डॉक्टरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "इस्पिकची दश्शी ना? माझ्याकडे आली होती की. दश्शी आणि तिर्री. मी सुरुवातीलाच टाकली." मी जिच्यासाठी शंभरात चार, शंभरात चार असा जप करत होतो, ती सगळा वेळ वहिनींच्या कोपरापाशी पालथी पडली होती. शक्यता शून्य होती. शंभरात चार हे पत्त्यांचं माप नव्हतं, माझ्या अज्ञानाचं होतं.

बरं, समजा लागलाच रॉयल फ्लश, तर समोरून मिळणार काय? मोठी पानं सगळी माझ्याकडे आणि टेबलावर, मग दुसऱ्याच्या हातात उरणार काय म्हणून तो चिप्स लावेल? 2008 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जस्टिन फिलिप्सला रॉयल फ्लश लागला आणि समोर मोटोयुकी माबुचीकडे चार एक्के होते. रॉयल फ्लशची पुरेपूर किंमत वसूल व्हायला समोर एवढा अभागी माणूस लागतो. लोक फिलिप्सचा हेवा करतात. मला माबुची जवळचा वाटतो, कारण असं हरण्यासाठीसुद्धा केवढं नशीब लागतं!

माझं हे सगळं वाढत चाललं तेव्हा टेबलावरच्यांनी बंदोबस्त करायचा ठरवला. वकिलाने नियमावलीच काढली. मोबाइलवरच्या खेळात लागलेला धरायचा नाही. पत्ते सात वेळा पिसलेच पाहिजेत. (हे माझ्यावर अविश्वास दाखवणारं कलम होतं. नवा कोरा जोड आणला की त्यातली पानं ओळीने लावलेली असतात आणि मी दर वेळी नवा जोड आणून दोनदाच पिसतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. सात हा आकडाही त्याने पुराव्यासकट काढला: बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मधे दाखवून दिलं आहे की गठ्ठा नीट मिसळायला साधारण सातदा पिसावं लागतं. पत्ते पिसण्यावर कुणी गणित मांडतं आणि लोक मला रिकामटेकडा म्हणतात.) रॅबिट हंटिंग कायमचं बंद. आणि शेवटचं कलम: डाव संपेपर्यंत समोर किमान एक खेळाडू राजीखुशीने बसलेला असला पाहिजे. मी न वाचता सही केली.

नियमावलीपेक्षा वाईट म्हणजे ही मंडळी मला ओळखायला लागली. पोकरमधे चेहऱ्यावरून हात ओळखता येतो म्हणतात. माझा तर कानांवरून ओळखतात. परवा माझ्याकडे बदामचे एक्का-दश्शी आले. फ्लॉपवर बदामची राणी, बदामचा गुलाम, किलवरची तिर्री. मी श्वास रोखून टकटक केलं. सगळ्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. डॉक्टरांनी पानं टाकली. पुढचं पान फुकट बघायला मिळत असताना कुणी डाव सोडत नसतं. यांनी निव्वळ दुष्टपणाने सोडला. पाठोपाठ आणखी दोघांनी. पत्ते वाटणाऱ्या वहिनी तेवढ्या अपेक्षेने वकिलाकडे बघत होत्या. त्याने आपली दोन पानं उचलली, हवेत धरली आणि विचारलं, "काय देतोस?"

"अरे, बस ना!"

"बसतो. काय देतोस?"

मी आधी पाच चिप्स सरकवल्या. तो पानं टेबलाच्या मध्यावर न्यायला लागला. मी दहा सरकवल्या. शेवटी माझ्यापुढचा सगळा ढीग त्याच्याकडे गेला तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "वाटा हो वहिनी."

टर्नला चौकटची पंजी पडली. वहिनींनी शेवटचं पान उलटलं. बदामचा राजा.

मी ओरडलो नाही. ओरडायला जो श्वास लागतो तो आत घ्यायचाच राहून गेला होता. मी ती पाच पानं ओळीने लावली, मग राणी-गुलामांमधलं अंतर सारखं केलं, मग फोटो काढला, मग फोटोत बोट आलं म्हणून दुसरा काढला. डॉक्टरांनी माझी नाडी बघितली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांनाही उठवायला निघालो होतो, तेवढ्यात वकिलाने घसा साफ केला आणि नियमावली काढली. शेवटच्या कलमातल्या 'राजीखुशीने' या शब्दाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली. त्याचं म्हणणं, तो राजीखुशीने बसलेला नव्हता, त्याला चिप्स देऊन बसवलं होतं. सबब हा रॉयल फ्लश धरता येत नाही.

"पण घेतल्या कुणी? तूच ना?" मी म्हणालो.

"म्हणूनच तर पुरावा भक्कम आहे," तो म्हणाला.

डॉक्टर माझ्या बाजूने, उरलेले दोघे त्याच्या बाजूने आणि वहिनी तटस्थ. निकाल राखून ठेवला आहे आणि पुढच्या बैठकीची तारीख पडली आहे. माझी बाजू मांडायला टेबलावर दुसरा वकील नाही, त्यामुळे तीही तोच मांडायला तयार आहे. फी तो चिप्समधेच घेईल म्हणतो. पण माझ्याकडे चिप्स उरलेल्या नाहीत. त्या सगळ्या त्याच्याकडे आहेत.