परक्या बाळाचं बारसं

तुमच्याकडे चार पैसे आहेत, वेळ आहे, आणि आपल्या मालकीचा एखादा देश असावा अशी मनात सुप्त हौस आहे, असं धरून चालतो. अशा वेळी नवशिके आधी फौजफाटा जमवायला धावतात. चुकतात. आधी नाव ठेवावं. लोक नावं नंतर ठेवतातच.

या विद्येत गुरू करायचा तर बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजालाच करावा. त्याचा देश केवढा, तर पुणे आणि अहमदनगर हे दोन जिल्हे (अहिल्यानगर म्हणायचं राहिलं, सराव आपलाही चालूच आहे) जोडले की त्याहून मोठे भरतात. त्याला हवा होता आफ्रिकेच्या पोटातला, काँगो नदीकाठचा सुमारे 23 लाख चौरस किलोमीटरचा मुलूख, म्हणजे स्वतःच्या देशाच्या पंचाहत्तरपट. मिळाला. आणि मिळाल्यावर हा गृहस्थ मरेपर्यंत एकदाही तिकडे फिरकला नाही. आपण गावाकडची गुंठाभर जमीन घेतानाही विहिरीला पाणी आहे का बघून येतो. त्याला नकाशा पुरला.

पहिला धडा असा, की सुरुवातीला देशाचं नाव घ्यायचंच नाही. संस्था काढायची. लिओपोल्डनं 1876 साली ब्रुसेल्समध्ये भूगोलतज्ज्ञांची परिषद भरवली आणि 'आंतरराष्ट्रीय आफ्रिका संघ' स्थापन केला. हेतू काय, तर विज्ञान, मानवसेवा आणि गुलामांच्या व्यापाराचा बीमोड. मग हळूच 'आंतरराष्ट्रीय काँगो संघ' आला. दोन नावांत फरक एका शब्दाचा, पण पहिला संघ वर्गणीचा होता आणि दुसरा राजाच्या खिशातला. धर्मादाय पाटीखाली दुकान टाकण्याची ही कला आपल्याकडे शिकवावी लागत नाही, म्हणून पुढे जातो.

कागद जमवायला त्यानं हेन्री मॉर्टन स्टॅनली या शोधप्रवाशाला धाडलं. साडेचारशेहून जास्त मुखियांनी कागदांवर फुल्या मारल्या. मोबदल्यात कुणाला कापड मिळालं, कुणाला दारू. कागदावरची भाषा त्यांना येत नव्हती, हे सोयीचंच. स्टॅनलीला मात्र स्थानिकांनी स्वतः एक नाव दिलं: 'बुला मतारी', दगड फोडणारा. पुढे ते साऱ्या गोऱ्या सरकारलाच त्या नावानं ओळखू लागले. या सगळ्या प्रकरणात हे एकच नाव वस्तू बघून ठेवलेलं दिसतं.

बारसं झालं बर्लिनमध्ये. 15 नोव्हेंबर 1884 ते 26 फेब्रुवारी 1885, म्हणजे साडेतीन महिने, यजमान जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क. चौदा देशांचे प्रतिनिधी आले. आपल्याकडे आत्याबाई बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. इथे आत्याबाया चौदा, आणि बाळाला आमंत्रणच नाही. आफ्रिकेतलं एक माणूस त्या सभेत नव्हतं. नाव पुढे निघालं 'काँगो मुक्त राज्य'.

यातला 'मुक्त' हा शब्द वहीत लिहून ठेवा. जे नाही ते नावात घालायचं, मग प्रत्यक्षात घालावं लागत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि कथिल तरी का द्या, तेही तिथल्या जमिनीतून निघतं! याच राज्यानं 1885 मध्ये हुकूम काढला, की 'रिकामी' जमीन सरकारची. शिकारीचं रान, पडीक ठेवलेलं शेत, रबराच्या वेली असलेलं जंगल, सारं रिकामं ठरलं. लोक राहत होते, पण सातबारा कुठे होता?

मग 1888 मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला आणि जगाला रबर कमी पडू लागलं. इथे हिशेबाबद्दल दोन शब्द. गावानं ठरलेलं रबर आणलं नाही तर बायकांना ओलीस ठेवायचं आणि शिपाई पाठवायचे. शिपायांनी काडतुसं शिकारीत उडवू नयेत म्हणून झाडलेल्या प्रत्येक गोळीमागे एक उजवा हात जमा करायचा. काडतूस शिकारीवर खर्च झालंच, तर जिवंत माणसाचा हात कापून हिशेब जुळवला जाई. न्साला नावाच्या माणसाचा 1904 सालचा एक फोटो आहे. तो ओट्यावर बसलाय आणि पुढ्यात ठेवलेला आपल्या लहान मुलीचा हात आणि पाऊल बघतोय. एवढंच उरलं होतं. या फोटोसाठी माझ्याकडे काही सल्ला नाही.

बाकी सल्ला मात्र आहे. जहाज कंपनीत हुशार कारकून ठेवू नका. एडमंड मोरेल नावाच्या कारकुनानं अँटवर्पच्या धक्क्यावर पाहिलं, की काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंतानं भरलेली असतात, आणि जाताना त्यांत मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा असतो. माल येतो, पण त्याचा मोबदला जात नाही. याला व्यापार म्हणत नाहीत, एवढं त्याला जमाखर्चावरून कळलं. बोभाटा झाला आणि 1908 मध्ये बेल्जियम सरकारला तो देश राजाकडून काढून घ्यावा लागला. काढून घेताना राजाला काँगोसाठी सोसलेल्या त्यागाबद्दल 5 कोटी फ्रँक मंजूर झाले. दप्तर त्यानं त्याआधीच जाळून टाकलं होतं. नवं नाव 'बेल्जियन काँगो'. निदान मालक कोण ते पाटीवर आलं.

गावांची नावं ठेवताना घरचं कुणी रुसणार नाही असं बघावं. राजाचं लिओपोल्डव्हिल, पुतण्याचं आल्बर्टव्हिल, त्याच्या राणीचं एलिझाबेथव्हिल, दगडफोड्याचं स्टॅनलीव्हिल. खाणकंपनीच्या साहेबाचं जॅडोव्हिलही होतं. आहेराच्या भांड्यांवर नावं घालतात तसं.

30 जून 1960 रोजी देश स्वतंत्र झाला. समारंभात बेल्जियमचे राजे बोद्वँ यांनी हे स्वातंत्र्य म्हणजे लिओपोल्डच्या प्रतिभेची फलश्रुती असल्याचं सांगितलं. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचं भाषण कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. त्यांनी उठून चाबूक, अपमान आणि वेठ यांची उजळणी केली. साडेसहा महिन्यांत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा एक दात बेल्जियमनं 2022 मध्ये घरच्यांना परत केला. देशाचं नाव या वेळी 'काँगो प्रजासत्ताक'. पण नदीपलीकडची फ्रेंच वसाहतही दीड महिन्यात त्याच नावानं स्वतंत्र झाली. मग जगानं दोघांच्या राजधान्यांची नावं शेपटीसारखी जोडली, आणि स्वतंत्र देशाच्या नावात लिओपोल्ड परत आला. 1964 मध्ये आमच्या काँगोनं 'लोकशाही' हा शब्द जोडला. पुढच्या वर्षी लष्कराच्या मोबुटूनं सत्ता घेतली. 'मुक्त'बद्दल मघाशी सांगितलंच आहे.

आता पुढचा धडा: परकी नावं पुसून मालकी आपल्याकडे कशी घ्यावी. मोबुटूनं लिओपोल्डव्हिलचं किन्शासा केलं, स्टॅनलीव्हिलचं किसांगानी, आणि कुणाला वाईट वाटलं नाही. मग 27 ऑक्टोबर 1971 रोजी देशालाच अस्सल नाव दिलं, 'झैर'. नदी झैर, चलन झैर, देश झैर. आता हे अस्सल नाव कुठलं? तर 1482 मध्ये दियोगो कांव हा पोर्तुगीज दर्यावर्दी नदीच्या मुखाशी आला, तिथे त्यानं दगडी खांब रोवला. किकोंगो भाषेतला नदीवाचक शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी बसेना, तेव्हा त्यांनी केलेला त्याचा चुराडा म्हणजे 'झैर'. ज्या कानांनी आमच्या पणजीचं पंजिम केलं, तेच कान. नदीला नाव काय म्हणून विचारावं आणि समोरच्यानं 'नदी' म्हणून सांगावं, तसला मामला.

अस्सलपणा मग घराघरांत शिरला. ख्रिस्ती नावं बंद झाली, कोट-टाय गेला, गळाबंद 'अबाकोस्ट' आला. जोसेफ-देझिरे मोबुटू स्वतः झाले मोबुटू सेसे सेको कुकू न्गबेंदू वा झा बांगा. अर्थ निरनिराळे सांगतात, पण कुठल्याच अर्थात माणूस हरत नाही. दूरदर्शनच्या बातम्या सुरू होताना त्यांचा चेहरा ढगांतून खाली उतरे. गावी, ग्बादोलिते इथे, जंगलात राजवाडा आणि काँकॉर्ड विमान उतरेल अशी धावपट्टी. झैर हे चलन 1967 साली निघालं तेव्हा एका झैरला दोन डॉलर येत. 1993 मध्ये नवा झैर काढला, तो तीस लाख जुन्या झैरचा. नाव तेवढं टिकलं.

तेही 1997 पर्यंत. मोबुटू पळाले, बंडखोरांचे नेते लोराँ काबिला आले, त्यांनी देश पुन्हा 'काँगो लोकशाही प्रजासत्ताक' केला. जुनं नाव वाया गेलं नाही, नदीच्या मुखाशी दक्षिण काठावर अंगोलाचा झैर नावाचा प्रांत आहे, अजून वापरात आहे.

म्हणून जुन्या पाट्या फेकू नका, कधी लागतील सांगता येत नाही. फक्त बेतानं. किन्शासात 2005 च्या फेब्रुवारीत सरकारनं लिओपोल्डचा काढून ठेवलेला अश्वारूढ पुतळा इतिहासाची आठवण म्हणून भर शहरात पुन्हा उभा केला. काही तासांतच तो घोड्यासकट उचलून नेला. पुतळा बसवणार असाल तर क्रेनवाल्याला लगेच घरी पाठवू नका.