‘डावखुरे असलात तरी डल्सिमर उजवाच शिका’ : या सल्ल्याला उत्तर

डल्सिमर शिकू पाहणाऱ्या डावखुऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. इतक्या जणांनी तो इतक्या वेळा पुढे पाठवलाय, की आता तो नियमच वाटायला लागलाय. थोडक्यात असा : “डावखुरे असाल तरी माउंटन डल्सिमर उजव्या पद्धतीनेच शिका. अवघड काम तसंही डाव्या हाताचंच असतं, म्हणजे तुमचा फायदाच. नवशिक्याला दोन्ही हात सारखेच परके. पियानो, व्हायोलिनवाले कुठे डावं वाद्य मागतात? मोठमोठ्या डावखुऱ्या वादकांनीही जुळवून घेतलंच. उलटं वाजवायचं म्हटलं तर वाद्य खास बनवून घ्यावं लागेल, पुस्तकं आणि शिक्षक मिळणार नाहीत, दुसऱ्याचं वाद्य हातात घेता येणार नाही.”

मी डावखुरी आहे. हा सल्ला मानून मी सव्वा वर्ष उजवा डल्सिमर वाजवला आणि मग वाद्य फिरवलं. त्यामुळे यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतःच्या हातांनी तपासलंय. शेवटचं वाक्य सोडलं तर बाकीची टिकत नाहीत, आणि शेवटचंही अर्धंच टिकतं.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. हातोड्यांनी वाजवतात तो हॅमर्ड डल्सिमर वेगळा. माउंटन डल्सिमर हा अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ मुलखातला : केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना. केंटकीतल्या व्हायपर गावच्या लोकगायिका जीन रिची (१९२२–२०१५) न्यूयॉर्कला आल्या आणि त्यांच्यामुळे तो डोंगराबाहेर ठाऊक झाला. लांबट पेटी, तिच्या मधोमध पडद्यांची, म्हणजे स्वर धरण्यासाठी बसवलेल्या धातूच्या आडव्या कड्यांची, अरुंद पट्टी, तिच्यावर तीन किंवा चार तारा. वाद्य मांडीवर आडवं ठेवायचं. उजव्या पद्धतीत खुंट्यांचं डोकं डावीकडे येतं. पोटाजवळची तार सुरावटीची, मधली आधाराची, सगळ्यात लांबची खर्जाची. चार तारा असतील तर बहुधा सुरावटीची तार जोडीने लावलेली असते. डाव्या हाताने पडद्यांवर स्वर धरायचे, उजव्याने तारा छेडायच्या.

आता पहिला मुद्दा, कारण सगळा सल्ला त्याच्यावरच उभा आहे : “अवघड काम डाव्या हाताचंच.”

हे वाक्य गिटारकडून उसनं आणलेलं आहे. गिटारवर डाव्या हाताची चार बोटं सहा तारांवर वेगवेगळे आकार धरतात, तिथे निदान असं म्हणायला जागा तरी आहे. डल्सिमरच्या जुन्या, डोंगरातल्या पद्धतीत डाव्या हातात नोटर असतो, म्हणजे बोटभर लाकडाची किंवा बांबूची कांडी. ती सुरावटीच्या तारेवर दाबायची आणि पुढे-मागे सरकवायची. बाकीच्या तारा तंबोऱ्यासारख्या मोकळ्या गुंजत राहतात. पडदेही सगळे अर्धस्वर दाखवणारे नसतात, सप्तकाच्या स्वरांपुरतेच असतात, त्यामुळे चुकीच्या सुरावर पडायलाही फारशी जागा नसते. साध्या धुनेतली ही सरकवासरकवी पहिल्याच दिवशी जमते. मला जमली होती.

जमत नव्हता तो दुसरा हात. पूर्वीचे वादक टर्कीच्या किंवा हंसाच्या पिसाचा दांडा वापरत, आता प्लास्टिकचं पिक असतं. ते तारांवरून बाहेर-आत, बाहेर-आत फिरत राहतं. एक लांब आघात आणि त्यामागे दोन छोटे, हा तिथला नेहमीचा ठेका. नाचणाऱ्यांचे पाय ज्याच्यावर पडतात तो हा हात. कुठला आघात भरीव, कुठला नुसता स्पर्शून जाणारा, कुठे तीनही तारा घ्यायच्या आणि कुठे सुरावटीच्या तारेवरच थांबायचं, हे सगळं त्याच्याकडे. सव्वा वर्षात माझ्या उजव्या हाताला बाहेरचा आघात साधला. आतला दर वेळी किंचित मागे पडायचा. लय धरून ठेवायची म्हटलं की मनगट आखडायचं. वाद्य फिरवलं त्या दिवशी डाव्या हाताने तोच ठेका न मोजता धरला आणि तो पुन्हा सुटला नाही.

आजकाल बरेच जण बोटांनी स्वर धरून, तीनही तारांवर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बांधून वाजवतात. त्यात पडदे धरणाऱ्या हाताचं काम वाढतं, हे खरं. पण त्याच मंडळींपैकी अनेक जण पिक सोडून बोटांनी तारा छेडतात, म्हणजे दुसऱ्या हाताचंही काम तितकंच वाढतं. कुठला हात ‘अवघड’ हे वाजवण्याच्या पद्धतीवर ठरतं. एका वाक्यात सगळ्या डावखुऱ्यांना बसवण्यासारखं त्यात काही नाही.

“नवशिक्याला दोन्ही हात सारखेच परके.” पडदे शोधण्याबाबत असतील. लयीबाबत मुळीच नाहीत. माणूस वाद्याला हात लावण्याआधी कित्येक वर्षं टेबलावर ठेका धरत असतो, डबा वाजवत असतो, आणि ते बहुतेक एकाच हाताने. म्हणून मी कोणालाही आधी एवढंच सांगते : वाद्य बाजूला ठेवा, एका हातात नोटरएवढी काडी आणि दुसऱ्या हातात पिक घ्या, मांडीवर एखादं ओळखीचं गाणं दहा मिनिटं ‘वाजवा’. मग हात बदला आणि पुन्हा दहा मिनिटं. गाताना जो हात आपोआप ठेका देत राहतो, त्यालाच पिक द्या. काही डावखुऱ्यांच्या बाबतीत तो हात उजवा निघतो. त्यांनी खुशाल उजवा डल्सिमर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. माझं भांडण उजव्या पद्धतीशी नाही. विचारून न पाहता ती गळ्यात बांधण्याशी आहे.

पियानोचं उदाहरण इथे लागूच होत नाही. पियानोवर दोन्ही हात एकाच जातीचं काम करतात, पट्ट्या दाबतात. तारवाद्यावर एक हात धरतो आणि एक छेडतो. ही दोन कामं निराळी आहेत, म्हणूनच हातांच्या वाटणीचा प्रश्न उभा राहतो. व्हायोलिनच्या आत तर डावं-उजवं पक्कं बसवलेलं असतं. खर्जाच्या बाजूला आतून चिकटवलेली लांब पट्टी, दुसऱ्या बाजूला घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्या, पायाशी उभा केलेला छोटा खांब. शिवाय वाद्यवृंदात सगळ्यांचे गज एका दिशेने चालावेत असा रिवाज. डल्सिमरला असा खांब नाही आणि असा रिवाजही नाही.

मोठ्या वादकांचा दाखला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो उलटा वाचलेला आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कॉटन यांचं नाव यात नेहमी येतं. त्या डावखुऱ्या. घरातल्या उजव्या बँजोवर आणि मग उजव्या गिटारवर शिकल्या. पण त्या उजव्या पद्धतीने वाजवत नसत! वाद्य त्यांनी फिरवून घेतलं आणि डाव्या हाताने छेडलं. तारा होत्या तशाच ठेवल्या, त्यामुळे खर्ज बोटांकडे गेला आणि सुरावट अंगठ्याकडे. त्यातून जी ढब तयार झाली ती आज त्यांच्या नावाने शिकवली जाते. जिमी हेंड्रिक्स यांनीही उजवी गिटार उलटी धरली आणि तारा डावखुऱ्या क्रमाने लावल्या. या दोघांनी वाद्याशी जुळवून घेतलं, पण छेडणारा हात सोडला नाही.

आता वाद्याचा प्रश्न. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण “खास बनवून घ्यावं लागेल” या एका वाक्याने पुष्कळ जण माघार घेतात.

डल्सिमरची पेटी लांबीच्या रेषेभोवती दोन्ही बाजूंना सारखी असते, मग तिचा आकार डमरूसारखा असो की थेंबासारखा. पट्टी बरोबर मधोमध. हात पडद्यांना लागू नये म्हणून घोडीजवळ कोरलेला खोलगट भागही दोन्हीकडून सारखाच. त्यामुळे वाद्य अर्धवर्तुळात फिरवून डोकं उजवीकडे घेतलं की पेटीपुरतं काम संपतं. काम उरतं ते तारांचं. नुसतं फिरवून भागत नाही, आणि “फिरवा की, त्यात काय” असं म्हणणारेही चुकतात. फिरवल्यावर खर्जाची तार पोटाशी येते आणि सुरावटीची पलीकडे जाते. मग नोटर तिच्यापर्यंत न्यायचा तर तो वाटेतल्या दोन तारांवरही दाबला जातो आणि गुंजणारा आधारच नाहीसा होतो. म्हणून खर्जाची आणि सुरावटीची तार यांची अदलाबदल करावी लागते.

अडचण खाचांची असते. डोक्याकडच्या पट्टीला, म्हणजे नटला, आणि घोडीला तारांच्या जाडीप्रमाणे खाचा पाडलेल्या असतात. खर्जाची तार गुंडाळलेली, साधारण ०.०२२ ते ०.०२४ इंच. सुरावटीची तार त्याच्या निम्म्याच्या आसपास. बारीक तार रुंद खाचेत ढिली बसून झणझणते, जाड तार अरुंद खाचेत बसतच नाही. पुष्कळ वाद्यांत नट आणि घोडी फक्त तारांच्या दाबाने किंवा सरसाच्या एखाद्या थेंबाने जागेवर असतात. तेव्हा ती उचलून टोकाटोकाने फिरवून बसवली की रुंद खाच आपोआप दुसऱ्या बाजूला येते, जोडीच्या तारेची खाचही तशीच. नटच्या खाचांना खुंट्यांच्या दिशेने थोडा उतार असतो, तो आता उलटा होतो, म्हणून बारीक कानशीने हलकेच सुधारावा लागतो. घोडी सुटी असेल तर हात लावण्याआधी तिची जागा पेन्सिलीने आखून घ्या. नाहीतर पडद्यांवरचे सगळे स्वर बिघडतात आणि दोष उगाच डावखुरेपणाला जातो. नट चिकटवलेला असेल तर हाडाचा किंवा कठीण लाकडाचा नवा करून घ्यावा, वाद्य दुरुस्त करणाऱ्याला ते किरकोळ काम आहे. नवं वाद्य सांगून घेत असाल तर कारागिराला खाचा दुसऱ्या बाजूने पाडायच्या, एवढंच करायचं असतं.

घेण्याआधी दोन गोष्टी मात्र पाहाच. घोडीची खाच पट्टीत तिरकी कोरून पक्की केलेली असेल, तर तारा बदलल्यावर तो तिरकेपणा उलटा पडतो. वरच्या पडद्यांवर खर्जाची तार चढी आणि सुरावटीची उतरी बोलते. असं वाद्य सोडून द्या. दुसरं, फार जुन्या वाद्यांत पडदे म्हणजे तारेच्या आकड्या असत, आणि त्या कित्येकदा सुरावटीच्या तारेखालीच ठोकलेल्या असत. ती वाद्यं फिरवता येत नाहीत आणि फिरवूही नयेत. आजच्या वाद्यांत पडदे बहुधा पूर्ण रुंदीचे असतात. फिरवल्यावर आतली कारागिराची चिठ्ठी उलटी दिसेल, ते चालेल.

आणि एक परंपरा अशी आहे जिथे तारासुद्धा बदलाव्या लागत नाहीत. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स गावाच्या परिसरात डल्सिमरच्या चारही तारा सारख्या जाडीच्या आणि एकाच स्वरात लावतात. नोटर आणि पीस घेऊन तो नाचाच्या वेगाने वाजवतात. गॅलॅक्सला १९३५ पासून जुन्या संगीताचा मोठा वार्षिक मेळा भरतो, तिथे डल्सिमरचीही स्पर्धा असते. त्या पद्धतीचं वाद्य हाती आलं तर ते फिरवायचं आणि वाजवायला लागायचं!

पुस्तकांबद्दलची भीती तर पूर्णच निराधार आहे. डल्सिमरचं लेखन बहुतेक टॅबमध्ये असतं : तीन रेघा, त्यांच्यावर पडद्यांचे आकडे. बऱ्याच पुस्तकांत वरची रेघ लांबच्या, खर्जाच्या तारेची आणि खालची पोटाजवळच्या तारेची. तारा बदललेल्या डाव्या डल्सिमरवरही पोटाजवळची तार सुरावटीचीच राहते. म्हणजे एकही आकडा बदलत नाही. ‘बाहेर’ आणि ‘आत’ या आघातांच्या खुणा शरीराच्या संदर्भाने असतात, त्याही तशाच. फक्त पट्टीचं चित्र आडवं काढलेलं असेल तर ते उलट दिशेने वाचावं लागतं.

शिक्षकाच्या बाबतीत तर डावा विद्यार्थी फायद्यात असतो. उजव्या शिक्षकासमोर बसलात की त्याच्या वाद्याचं डोकं जिकडे, तुमच्याही वाद्याचं डोकं तिकडेच. त्याचा हात वरच्या पडद्यांकडे सरकला की तुमचाही त्याच दिशेने सरकतो. समोर आरसा असावा तसं. उजव्या विद्यार्थ्याला मनातल्या मनात सगळं उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. समोरून घेतलेल्या व्हिडिओलाही हेच लागू. वादकाच्या खांद्यावरून घेतलेले व्हिडिओ मात्र आडवे उलटवून पाहावे लागतात. गटात वाजवताना आपल्या आणि शेजाऱ्याच्या वाद्यांची डोकी एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ओळीच्या उजव्या टोकाला बसावं.

राहिलं शेवटचं : दुसऱ्याचं वाद्य. हे मी मान्य करते. ज्याच्या त्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरचा डल्सिमर उचलून वाजवणं आपल्याला तितकं सहज नाही, आणि ते बोचतं. पण वाटतं तितकं दारही बंद नसतं. तारा सुरात लावण्याची आज सर्वाधिक चालणारी लावणी डी-ए-डी, म्हणजे षड्ज-पंचम-षड्ज. दोन्ही कडेच्या तारा एकाच स्वराच्या, फक्त एका सप्तकाच्या अंतराने. असा उजवा डल्सिमर जसाच्या तसा फिरवून घेतलात तर पोटाशी खर्जाची तार येते, आणि तिच्यावर त्याच पडद्यांवर तीच धून निघते, एक सप्तक खाली. आधार वरून गुंजतो. गुंडाळलेल्या तारेवर नोटर थोडा कुरकुरतो, म्हणून मी तिथे बोट वापरते. डी-ए-ए लावणीत हे साधत नाही. तिथे सुरावटीच्या तारेवरचा षड्ज तिसऱ्या पडद्यावर असतो आणि खर्जाच्या तारेवरचा मोकळ्या तारेवर, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी मी वाद्याच्या मालकाला विचारून सुरावटीची तार डी-पर्यंत चढवून घेते, आणि परत देताना पुन्हा ए-वर उतरवून देते.